हिरवी टिकली, लाल टिकली

दोन वर्षांपूर्वीच्या महिला दिनाची गोष्ट. आमच्या मंडळानं मंगल कार्यालयात आरोग्य शिबिर ठेवलं होतं. एका बाजूला वजनकाटा, भिंतीला उंची मोजायची पट्टी आणि टेबलाशी कॅल्क्युलेटर घेऊन बसलेली मी. काम तसं सोपं होतं. किलोतलं वजन घ्यायचं, मीटरमधल्या उंचीनं भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा उंचीनंच भागायचं आणि आकडा चिठ्ठीवर लिहायचा. हाच तो बीएमआय. चिठ्ठी बघताक्षणी कळावी म्हणून मी एक युक्तीही काढली होती. पर्समध्ये टिकल्यांची पाकिटं होतीच. आकडा साडेअठरा ते पंचवीसच्या मध्ये आला की हिरवी टिकली, वर गेला की लाल, खाली आला की पिवळी.

दुपारपर्यंत दीडशेक बायका येऊन गेल्या. दहावीचा निकाल लागल्यासारखा गलका नुसता. "तुझा किती गं आला?" "माझा सत्तावीस. काटाच बिघडलाय मेला!" "हिला बघा, हिरवी. पहिल्यापासून खातच नाही ना काही." हसणं-खिदळणं चाललं होतं, पण लाल टिकलीच्या चिठ्ठ्या गुपचूप पर्समध्ये सरकत होत्या आणि हिरव्या हातात मिरवत होत्या. पिवळी टिकली मिळालेल्या दहा-बारा जणींचा तर इतरांना हेवा वाटत होता. मलाही संध्याकाळी काहीतरी मोठं काम केल्यासारखं वाटलं.

त्या दीडशेतल्या दोन चिठ्ठ्या मात्र मी आजही विसरलेले नाही.

पहिली आमच्या गल्लीतल्या मेसवाल्या काकूंची. कॉलेजच्या पोरांची खानावळ चालवतात त्या. पहाटे पाचला उठून कणीक तिंबायची, दोन्ही वेळच्या मिळून दोनशेवर पोळ्या लाटायच्या, भाताचं भलंमोठं पातेलं एकटीनं उतरवायचं. उंची १६० सेंटिमीटर, वजन ६८ किलो, बीएमआय २६.६. लाल टिकली. काकूंनी विचारलं, "मग किती पाहिजे हो माझं?" मी तक्ता बघून सांगितलं, "चौसष्टच्या आत." मागून कुणीतरी म्हणालं, "आपल्याकडे आता पंचवीस नाही, तेवीसचा नियम आहे." मी पुन्हा कॅल्क्युलेटर बडवला आणि म्हटलं, "तसं असेल तर एकोणसाठच्या आत." काकू पुटपुटल्या, "म्हणजे नऊ किलो!"

दुसरी चिठ्ठी माझ्या नणंदेची. उंची १५५, वजन ५१, बीएमआय २१.२. हिरवी टिकली. वन्सं पहिल्यापासून अशाच, हातापायांनी काडी. "वहिनी, मी काही नापास व्हायची नाही," म्हणाल्या आणि घरी जाऊन चिठ्ठी फ्रिजवर चिकटवून टाकली.

काकूंनी रात्रीचं जेवण सोडलं. सकाळी गरम पाण्यात लिंबू-मध, दुपारी एक पोळी आणि पोरांसाठी केलेल्या भाजीतली वाटीभर. दोन महिन्यांत पाच किलो उतरले. भेटेल तो "काय बारीक झालात हो!" म्हणायचा आणि त्यांना बरं वाटायचं. मग एक दिवस ओट्यापाशी घेरी येऊन पडल्या. दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.२. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पाळी किती दिवस जाते? थकवा कधीपासून आहे?" तेव्हा कळलं, की हे दुखणं दोन वर्षांचं जुनं. उपासमारीनं त्यात भर घातली इतकंच. शिबिरात आम्ही काकूंचं वजन घेतलं, उंची घेतली, त्यांना लाल टिकली लावली. पण बोटातलं थेंबभर रक्त काही घेतलं नाही. आणि पाच किलोबरोबर त्यांच्या दंडातली ताकदही गेली होती. ते भाताचं पातेलं उतरवायला आता धाकट्या मुलाला हाक मारावी लागत होती.

वन्संचं लक्षात यायला जास्त वेळ लागला. पायाला नवी चप्पल चावली आणि ती बारीकशी जखम सहा आठवडे भरेना. तहान फार लागते, रात्री दोन-तीनदा उठावं लागतं, हे त्या अधूनमधून बोलायच्या. आम्ही उन्हाळ्यावर ढकललं. तपासणी करून घ्या म्हटलं की त्या फ्रिजकडे बोट दाखवायच्या. "नॉर्मल आहे मी." शेवटी नेलं, तर उपाशीपोटी साखर २४०. १२६ च्या पुढे गेली की मधुमेह धरतात. माझे सासरे मधुमेहानं गेले, म्हणजे धोका घरातच होता. पण बारीक बाईला कसली साखर, हा समज तितकाच घट्ट. डॉक्टरांनी टेप घेऊन वन्संची कंबर मोजली. भरली ८४ सेंटिमीटर. साडीच्या निऱ्यांखाली जे पोट होतं, ते काट्यावर कुठं दिसणार होतं?

त्या फ्रिजवरच्या चिठ्ठीला टिकली मी लावली होती. वन्संनी मला कधी बोल लावला नाही. पण मला ते लागून राहिलं आणि हा आकडा मुळात आला तरी कुठून, हे मी वाचायला घेतलं.

तर हा आकडा कुण्या डॉक्टरानं काढलेला नाही. अदोल्फ केतले नावाचा बेल्जियमचा एक गणिती होता, आकाशातल्या ताऱ्यांचा अभ्यास करणारा. १८३० च्या दशकात त्याला 'सरासरी माणूस' कसा असतो याचा शोध घ्यायचा होता. हजारो माणसांची मापं चाळताना त्याच्या लक्षात आलं, की मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. बस्स. लठ्ठपणाशी, आजाराशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी उंची-वजनाचे तक्ते काढले ते त्यांच्या धंद्यासाठी. कुणाचा हप्ता किती लावायचा, हा त्यांचा प्रश्न. मग १९७२ साली अन्सेल कीज या अमेरिकी शास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं घेऊन निरनिराळी सूत्रं ताडून पाहिली. केतलेचं सूत्र इतरांपेक्षा वाईट नाही, असं ठरलं आणि त्याला 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळालं. पूर्ण समाधानकारक आहे असं खुद्द कीजही म्हणाला नव्हता. आणि ती सात हजार माणसं म्हणजे सारे पुरुष. बाई एकही नाही!

गर्दी मोजायला हे सूत्र उत्तम आहे, यात वाद नाही. राज्यात, जिल्ह्यात वजनं वाढतायत की घटतायत, हे सरकारला कळायचं तर वजनकाटा आणि पट्टी एवढ्यावर काम भागतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतून आपल्याला कळलं, की देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांपैकी २४ टक्के पंचवीसच्या वर आहेत आणि जवळजवळ १९ टक्के साडेअठराच्या खाली. अशा हिशेबाला बीएमआय हवाच. पण गर्दीचा हिशेब वेगळा आणि तुमच्या-माझ्या घरातली एक बाई वेगळी. गावात सरासरी पाऊस चांगला झाला म्हणून आपल्या विहिरीला पाणी असेलच, असं आपण धरत नाही ना?

काटा फक्त भार सांगतो. त्यातला स्नायूंचा किती, हाडांचा किती, पाण्याचा किती, चरबीचा किती, हे त्याला कळत नाही. पाळीच्या आधी अंगात पाणी धरलं तरी त्याला ते वजनच. पाळी गेल्यावर तर वजन तेच राहून चरबी मांड्या-नितंबांवरून पोटाकडे सरकते. आकडा हलत नाही, धोका मात्र वाढलेला असतो. माझ्या सासूबाईंचं उलटंच झालं. वयानं वाकून त्यांची उंची कमी भरायला लागली, म्हणून वजन तेवढंच असताना बीएमआय वाढला! आणि मांडीवरची चरबी आणि पोटातली चरबी यांत फार फरक आहे. पोटात, यकृताभोवती, आतड्यांभोवती बसलेली चरबी साखर, रक्तदाब, हृदयविकार यांना आवतण देते. मांडीवरची त्या मानानं गरीब. आपण आरशात नेमकं उलट करतो. मांड्या-दंडांची लाज वाटते आणि पोटाला "दोन बाळंतपणं झाली, राहणारच" म्हणून सोडून देतो.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम आपल्या पुण्यात झालंय, हे मला ठाऊक नव्हतं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक. त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचा फोटो छापला. शेजारी शेजारी उभे दोघे. दोघांचाही बीएमआय बरोब्बर २२.३. आमच्या शिबिरात आले असते तर दोघांनाही हिरवी टिकली! पण यंत्रावर शरीरातली चरबी मोजली तेव्हा साहेबांच्या अंगात ती निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. आकडा एक, शरीरं दोन.

याचं मूळ पार जन्माआधी जातं. याज्ञिकांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान. पण चरबीत त्या मानानं फारशी कमी नाहीत, कमी ती स्नायूंमध्ये. दिसायला किडकिडीत, आतून मात्र चरबी राखून असलेली. शेतात राबणाऱ्या, पोटाला पुरेसं न मिळालेल्या आयांची ही लेकरं. वन्संचा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला, हे वाचताना मला एकदम आठवलं. त्यावरून मी काही निदान करत नाही, पण आठवलं खरं.

म्हणून तर आपल्यासाठी रेघ खाली आणली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये आशियाई लोकांसाठी तेवीसपासूनच सावध व्हा असं सुचवलं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीनुसार तेवीसच्या वर जादा वजन आणि पंचवीसपासून लठ्ठपणा. शिबिरात मागून बोलणारी बाई बरोबर होती तर! पण रेघ खाली आणली म्हणून रेघेचा स्वभाव बदलत नाही. पाच फूट उंचीच्या बाईचा हिशेब करा. ५८ किलोला बीएमआय पंचवीसच्या किंचित खाली, म्हणजे 'जादा वजन'. त्यावर पिठलं-भाकरी खाऊन दोन तांबे पाणी प्यायली की ती 'लठ्ठ'! अमेरिकेत तर १९९८ साली नियम बदलला आणि रेघ पंचवीसवर आणली. बायकांसाठी ती आधी सत्तावीसच्या थोडी वर होती. एका रात्रीत कोट्यवधी माणसं जादा वजनाची ठरली. कुणाचं वजन एका ग्रॅमनं वाढलं नव्हतं. आणि रेघ कितीही खाली आणली तरी वन्सं त्या रेघेखालीच राहणार होत्या.

आता यावर काही जणी म्हणतील, बरं झालं, म्हणजे आम्हाला वजनाची काळजीच नको. थांबा. मी तसं म्हणत नाही. बीएमआय बत्तीस-तेहतीस असेल, गुडघे बोलत असतील, जिना चढताना धाप लागत असेल, तर "माझी हाडंच जड आहेत" हे ऐकायला बरं वाटलं तरी खरं नव्हे. तिथं आकडा बहुधा खरंच बोलतो. तसाच तो खालच्या टोकालाही बोलतो. त्या पिवळ्या टिकलीवाल्या पोरींचा आम्ही हेवा केला, त्यांना जवळ बसवून "तू जेवतेस काय?" हे एकीलाही विचारलं नाही. त्याच पाहणीत देशातल्या ५७ टक्के बायकांना रक्ताची कमतरता आढळली आहे. म्हणजे ज्या देशात दर दोघींमागे एक पांढरीफटक, तिथं आम्ही बारीक होण्याबद्दल टाळ्या वाजवत होतो.

बीएमआय ही दारावरची घंटा आहे. वाजली तर उठून दार उघडायचं, आत काय चाललंय ते बघायचं. वाजली नाही म्हणून घरात सगळं आलबेल आहे असं समजायचं नाही. आणि काहीही झालं तरी 'माझं ध्येय बीएमआय २२' असं वहीत लिहून त्याच्यामागे धावायचं नाही. हे माझं मत. डॉक्टरही आता याच दिशेनं बोलू लागले आहेत. जानेवारी २०२५ मध्ये 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात जगभरातल्या तज्ज्ञांच्या आयोगानं सांगितलं, की एकट्या बीएमआयवर कुणाला लठ्ठपणाचं निदान चिकटवू नका. कंबर मोजा, आणि त्या चरबीमुळं शरीराचं कुठलं काम अडलंय का ते बघा.

गंमत म्हणजे आपल्या आशाताईंना हे आधीपासून ठाऊक आहे. तिशीच्या पुढच्या माणसांसाठी त्या घरोघरी जो तपासणी अर्ज भरतात, तो कधी नीट वाचलाय? त्यात वय, तंबाखू-दारू, आईवडिलांना मधुमेह किंवा रक्तदाब होता का, आठवड्यात चालणं-फिरणं किती, हे प्रश्न असतात आणि असते कंबर. बाईची ८० सेंटिमीटरच्या आत असली तर शून्य गुण, ८१ ते ९० ला एक, त्यापुढे दोन. त्या गुणांमध्ये बीएमआयचा रकानाच नाही. वन्संकडे आशाताई आल्या होत्या. वन्संनी "मला काही झालेलं नाही" म्हणून दारातूनच परत पाठवलं. तो अर्ज भरला असता तर कंबर आणि वडील, दोन्हींचे गुण पडले असते, आणि उपकेंद्रात साखर फुकट तपासून मिळाली असती.

टेप नसेल तरी अडत नाही. परकराची नाडी घ्या, नवी, लांब. डोक्यापासून टाचेपर्यंत धरून आपल्या उंचीएवढी कापा. दुहेरी करा. ती दुहेरी नाडी कंबरेभोवती आरामात पुरली पाहिजे. पुरत नसेल तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि साखर, रक्तदाब तपासून घ्यायला हवा. उंचीच्या निम्म्याच्या आत कंबर, हा सल्ला इंग्लंडच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात २०२२ पासून आहे, नाडी आपली. फक्त मोजायची कुठं, ते सांभाळा. परकर बांधतो तिथं नाही. शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड चाचपा, त्यांच्या मधोमध. सहज श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. पोट ओढून कुणाला फसवणार आहोत आपण? (गरोदर बाईला मात्र ही नाडीही नको आणि बीएमआयची चिठ्ठीही नको. लहान मुलांचे तक्तेही वेगळे असतात, त्यांना मोठ्यांची पट्टी लावू नका.)

मग ध्येय ठेवायचं तरी कसलं? चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा एक अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची ५३१ माणसं. (त्यातही पुरुषच बरेच जास्त, हे सांगायला हवं.) काहींना नेहमीचा सल्ला देऊन सोडलं. काहींना रोज अर्धा तास चालायला सांगितलं, आणि साखर, मैदा, तेल-तूप कमी करून कोंड्याचं, चोथ्याचं वाढवायला सांगितलं. ज्यांचं कामच अंगमेहनतीचं, त्यांना आहे ते चालू ठेवा म्हटलं. तीन वर्षांनी पाहिलं तर नुसत्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी ५५ टक्क्यांना मधुमेह झाला, चालणाऱ्यांपैकी ३९ टक्क्यांना. आणि चालणाऱ्यांचं वजन? जवळजवळ तेवढंच! काट्यावर बघून कुणी म्हणालं असतं, "तीन वर्षं फुकट गेली."

हे वाचून मला हायसं वाटलं. कारण वजन किती उतरेल ते आपल्या हातात पूर्ण नसतं, पण चालणं असतं. निदान असायला हवं. ते तरी आपल्या हातात कुठं असतं म्हणा! सकाळी डबे, पाणी यायची वेळ, सासूबाईंचा चहा. संध्याकाळी एकटीनं रस्त्यानं चालत निघालं की "कुठं निघालात?" हा प्रश्न पाच घरांतून. आमच्या गावात बागेला कुलूप आणि शाळेचं मैदान पोरांच्या क्रिकेटला. म्हणून आम्ही चौघी-पाचजणी सांजवेळी देवळाच्या रस्त्यानं जातो. देवाला जातो म्हटलं की कुणी विचारत नाही. देवानं समजून घ्यावं.

खाण्याचं तर आणखी वेगळं. शिळी पोळी वाया जाऊ नये म्हणून खाणारी आपणच, आणि डाळ संपली म्हणून नुसता भात-ताक कालवणारीही आपणच. चतुर्थी, एकादशी, गुरुवार करून साबुदाण्याच्या खिचडीचा उपवास करणारीही आपणच. काकूंच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना वजनाचा आकडा दिलाच नाही. गोळ्या दिल्या, पाळीचा उपचार दिला आणि सांगितलं, पोरांना वाढायच्या आधी स्वतःच्या ताटात वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण काढून ठेवायचं. अंडं चालत असेल तर अंडं. काकू म्हणाल्या, हे सगळ्यात अवघड गेलं. दोनशे पोळ्या करणाऱ्या बाईला स्वतःचं ताट आधी वाढून घेताना चोरी केल्यासारखं वाटत होतं.

आणि मुलींच्या बाबतीत एक सांगायचंय. परवा एका लग्नाच्या बायोडेटात उंचीखाली वजन आणि त्याच्याखाली चक्क बीएमआय बघितला. पूर्वी 'सडपातळ बांधा' लिहायचे, आता आकडा लिहितात, म्हणजे ते शास्त्रीय झालं! ती मुलगी एकोणीस वर्षांची. तिच्या आईला मी फोन केला आणि तो आकडा खोडायला सांगितलं. तिनं खोडला की नाही, माहीत नाही.

वन्संची साखर आता गोळ्यांवर आणि चालण्यावर बरीच आटोक्यात आहे. जखम भरली, डाग राहिलाय. वजन? ५१ चं ५० झालंय. कंबर मात्र ८४ वरून ८० वर आली. फ्रिजवरची चिठ्ठी त्यांनी स्वतःच काढून टाकली आणि तिथं तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट लावला.

यंदाच्या महिला दिनाला आम्ही पुन्हा शिबिर घेतलं. टिकल्या आणल्या नाहीत. आधी मंडळात बराच खल झाला. कंबर मोजायची म्हणजे पडदा हवा, पदर बाजूला करावा लागतो, बायका लाजतात. शेवटी वन्संच म्हणाल्या, "पडद्यामागं मी बसते टेप घेऊन. माझी गोष्ट सांगितली की लाजणार नाहीत." कटलरीच्या दुकानातून नाडीची बंडलं आणली, तर दुकानदार म्हणाला, "एवढी नाडी? परकरांचा कारखाना काढताय का?" आरोग्य केंद्रातून हिमोग्लोबिन आणि साखर तपासायला सिस्टर आल्या. माणशी वेळ तिप्पट लागला. दीडशेऐवजी साठच बायका झाल्या आणि उरलेल्यांना पुढच्या शनिवारी बोलवावं लागलं.

मेसवाल्या काकू अकराच्या सुमाराला, पोरांची दुपारची पंगत बसायच्या आत आल्या. वजन ६६. मी चिठ्ठीवर बीएमआय लिहिला, २५.८. लाल टिकलीचाच आकडा. त्याखाली लिहिलं, कंबर ७९, साखर बरोबर, रक्तदाब बरोबर, हिमोग्लोबिन ११.६. बारा व्हायला हवं, गोळ्या अजून चालू. काकूंनी चिठ्ठीची घडी घातली, कंबरेच्या पिशवीत खोचली आणि म्हणाल्या, "चला, भात टाकायचाय."